बारा बाय सहाची सावली

११ मे, रविवार

"सावली हाय म्हणून रडत बसू नको. सावलीत खायासारखं काय येतंय ते बघ." एकवीस वर्षांपूर्वी आक्का, म्हणजे माझी आई, या घराच्या मागच्या दारात उभी राहून म्हणाली होती. मी रडत नव्हते. राजारामपुरीत घरामागं एवढी जागा मिळणं हेच नशीब, फरशी घालून टाकू, एवढंच मी तिला सांगत होते. पुढं फरशी घातली नाही आणि लावलंही काही नाही. बारा फूट बाय सहा फूट. एका बाजूला स्वयंपाकघराची भिंत, कंपाउंडच्या पलीकडं शेजाऱ्यांचा फणस, त्याच्या पलीकडं कोचिंग क्लासची तीन मजली इमारत. एकवीस वर्षं तिथं मोडका कूलर उभा आहे.

आज निर्णय घेतला. तिथं देखणी, खाता येण्यासारखी बाग करायची. मुदत २८ ऑगस्ट, ऋषिपंचमी. म्हणजे एकशे नऊ दिवस.

ऋषिपंचमीला आक्का बैलाच्या कष्टाचं खात नाही. नांगराखालच्या जमिनीतलं काहीही नाही. फक्त परसात हातानं लावलेलं. चाळीस वर्षं तिनं ती भाजी कागलच्या घरामागच्या परसातून काढली. यंदा परस नाही. कृष्णातदादा तिथं एमआयडीसीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या बांधतोय. म्हणून यंदाची भाजी माझ्याकडची. आक्का येईल, मागच्या दारात उभी राहील, बघेल.

दादाच्या संमतीपत्रावर माझीही सही आहे. ती फॉर्मॅलिटी होती. त्याचा बागेशी संबंध नाही.

१२ मे, सोमवार

सुट्टी असल्यामुळं ऊन मोजलं. गणिताच्या शिक्षिकेनं अंदाजावर जाऊ नये. दर अर्ध्या तासानं खडूनं सावलीची कड आखली. फणस आणि क्लासची इमारत यांच्या फटीतून ऊन येतं, सकाळी ८.५० ते ११.१५. दोन तास पंचवीस मिनिटं. नेटवर याला "पार्शल शेड" म्हणतात आणि त्यात पुष्कळ काही येतं.

तेजस्वीनं खिडकीतून विचारलं, की मम्मी, सावलीची हजेरी घेतीयस का. मुलगी यंदा बारावीला आहे, जोक कमी आणि अभ्यास जास्त करावा. आमचे हे, विजयसिंह, त्या रेघांवरून चालत गेले आणि म्हणाले, "राणीसाहेब, ह्यो टिक्कर पाण्याचा डाव कवा हाय?" माहेरच्यांनी वर्षाराणी नाव ठेवलं, त्याची किंमत मी वीस वर्षं मोजतेय.

१७ मे, शनिवार

दादाचं मन मोठं आहे. कागलहून टेम्पोभर माती पाठवली! पायाचं खोदकाम केलं, वरची दोन फूट माती टाकायला जागा नव्हती, म्हणाला तुला बाग करायचीय तर घे. काळीभोर, भुसभुशीत. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, अशी माती सोन्याच्या भावानं मिळत न्हाय." कूलर हलवला, माती पसरली, हात कोपरापर्यंत काळे.

आक्काला सांगितलं नाही. सरप्राईज.

संध्याकाळ. आक्काला फोन केला. वहिनीनं उचलला. आक्का अंघोळीला गेली होती. चारला केला तेव्हाही अंघोळीलाच होती. उन्हाळा फार आहे यंदा.

२० मे, मंगळवार

पन्हाळा रोडच्या नर्सरीत गेले. तीन रात्री व्हिडिओ बघून यादी केली होती. लाल लेट्यूस, हिरवं लेट्यूस, जांभळी तुळस (बेसिल), स्ट्रॉबेरी, रोझमेरी, पुदिना. रंगसंगती कागदावर काढून नेली होती. अळू मुद्दाम घेतलं नाही. अळू न्हाणीच्या पाण्यावर वाढतं, त्याला बागेत आणलं की बागेची न्हाणी होते.

नर्सरीवाला म्हणाला, "ताई, पावसात ह्यातलं पुदिना सोडून काय टिकायचं न्हाय. लिहून देतो." मी त्याला मायक्रोक्लायमेट समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बरं." पटलं त्याला.

ऋषीच्या भाजीत लेट्यूस चालतं का, हे शोधायला हवं. बैलाचा संबंध नाही, म्हणजे चालायला हरकत नाही.

२८ मे, बुधवार

पाऊस वेळेआधीच बसला. रोपं टवटवीत. मातीतून तणही वर येतंय. कुठून येतं कोण जाणे! जाडसर गुंडाळलेली हिरवी टोकं, भाल्यासारखी, ओळीच्या मधोमध. रोज सकाळी उपटते. धुण्याभांड्याच्या बाळाबाई ते तण पिशवीत भरून घेऊन जातात. शेळी असेल.

उपटताना हाताला आंब्याच्या कैरीसारखा वास आला. खताचा असावा.

२ जून, सोमवार

साप निघाला. म्हणजे निघाला नाही, पण उभा होता. पुदिन्याजवळ, वीतभर, हिरव्या अंगावर पांढुरके ठिपके, मान ताठ. मी ओरडले. विजयसिंहांनी दरवाजा लावून घेतला (आतून) आणि सर्पमित्राला फोन केला. तो वीस मिनिटांत आला, वाकून बघितलं, चिमटा खाली ठेवला. म्हणाला, "मॅडम, सुरण हाय. चावत न्हाय, खाजतंय फकस्त." सगळी गल्ली कंपाउंडवर. एक आजी म्हणाल्या, "बाई शाळेत शिकवतात न्हवं?"

सुरण देखणं नाही. शिवाय माझ्या यादीत नाही. काढून टाकलं. चांगला नारळाएवढा गड्डा होता. बाळाबाई म्हणाल्या, "बाई, ह्यो टाकालाय व्हय? अवो, ऋषीला लागतंय की." मी म्हटलं, आपलं डिझाइन वेगळं आहे. त्यांनी तो पदरात गुंडाळून नेला. शेळी सुरण खाते?

८ जून, रविवार

आक्काला फोन. वहिनी म्हणाली, देवपूजेत आहेत. सांगितलं, ऋषिपंचमीला गाडी पाठवते, भाजी माझ्या बागेतली. वहिनीनं आत जाऊन विचारलं. परत येऊन म्हणाली, "बघू म्हणाल्यात." म्हणजे येते. आक्का कधी तोंडावर हो म्हणत नाही.

तिला हल्ली ऐकू कमी येतं. त्यामुळं फोनवर येत नसेल.

१५ जून, रविवार

भयंकर प्रकार. निकाल लागला आणि क्लासवाल्यांनी यशवंतांचा फ्लेक्स लावला. वीस फुटी, बांबूला बांधून, बरोब्बर फणस आणि इमारत यांच्या मधल्या फटीत. सतरा विद्यार्थ्यांचे फोटो आणि सरांचा एक मोठा. माझं दोन तास पंचवीस मिनिटं ऊन सरांच्या कपाळावर अडलंय. स्ट्रॉबेरीवर सकाळी निळसर उजेड पडतो, त्यात एक मुलगी हसतेय.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू. मधल्या सुट्टीत क्लासमध्ये गेले, ठाम बोलायचं ठरवून. रिसेप्शनवरच्या मुलीनं बसायला सांगितलं, पाणी दिलं, माझा विषय पूर्ण ऐकून घेतला आणि विचारलं, "मग पाल्य कितवीला आहे?" बाहेर आले तेव्हा तेजस्वीचं नाव टेस्ट सिरीजमध्ये घातलं गेलं होतं. उन्हाबद्दल सरांशी बोलते म्हणाली ती.

तेजस्वी माझ्याशी बोलत नाही. पण ती मुळातच कमी बोलते.

२४ जून, मंगळवार

सकाळी सातला बघितलं. लेट्यूस नाही. लाल नाही, हिरवं नाही. देठसुद्धा नाहीत. मुठीएवढ्या शंखाच्या गोगलगायी, सोळा, रांगेनं भिंतीवर. बेसिलच्या शिरा तेवढ्या राहिल्यात. विजयसिंह चहा घेऊन बाहेर आले, म्हणाले, "चला, कुणाला तरी सॅलड आवडलं."

मीठ टाका म्हणाल्या बाळाबाई. मी टाकलं नाही. त्यांचा तो जीव, ओला ओला. बादलीत गोळा करून शाळेच्या मागच्या माळावर सोडून आले. उद्यापासून रोज करणार.

२६ जून, गुरुवार

बत्तीस. उद्यापासून एक दिवसाआड.

६ जुलै, रविवार

परिस्थितीचा आढावा. पुदिना: आहे. रोझमेरी: काळी पडली, विश्रांती घेत असावी. स्ट्रॉबेरी: एक फळ, हरभऱ्याएवढं, फिकट. गोगलगाईनं निम्मं तपासलं. तण: प्रचंड. भाले रोज येतात. आता तांबड्या देठाचा एक वेलही येतोय, पानं जाड, चकचकीत. बेसिलच्या काठीवर चढला म्हणून उपटला. इतका सुंदर होता की वाईट वाटलं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

एवढं मात्र खरं, की जे मी लावलं ते मरतंय आणि जे मी लावलं नाही ते थांबत नाही.

२० जुलै, रविवार

तेजस्वीच्या खोलीवरून जाताना आक्काचा आवाज ऐकला. व्हिडिओ कॉल. आक्का स्पष्ट बोलत होती आणि सगळं स्पष्ट ऐकत होती. तेजस्वीनं हळू आवाजात विचारलं, "आजी, चहा झाला का?" आक्का म्हणाली, "झाला की दोनदा. तुझी आई हाय व्हय तितं?" मी दाराआड होते. तेजस्वी म्हणाली, नाही. आक्का म्हणाली, "बरं."

रोज बोलतात म्हणे. मार्चपासून. मी तेजस्वीला विचारलं, आजी रागावली आहे का माझ्यावर? ती म्हणाली, "रागावली नाही. ती एवढंच म्हणते, वर्षानं कागद वाचला असंल, शिकल्याली हाय, म्हणून मी सही केली. तिची सही बघून. मम्मी, तू वाचला होतास ना?"

वाचला होता. साधारण.

दादा शाळेत आला होता, दहावीचे पेपर चालू होते, मी स्टाफरूमच्या दारात उभी. त्यानं बोट ठेवलं तिथं सही केली. वरती "संपूर्ण मागील मोकळी जागा" असं होतं, ते नंतर झेरॉक्सवर दिसलं. मला वाटलं होतं, निम्मी. आक्काला विचारलंस का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "तिचं काय, तू केलीस की ती करतीया."

बाग हेच उत्तर आहे. बाग जोरात करायची.

३ ऑगस्ट, रविवार

खत टाकलं. पुदिनाही पिवळा पडला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नऊ दिवस. घाबरण्याचं कारण नाही. प्लॅन बी: नर्सरीतून वाढलेली झाडं कुंडीसकट आणायची, कुंडी जमिनीत पुरायची, वर माती ओढायची. फसवणूक नाही. कुंडीतही बैल नसतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अळू घेतलं, शेवटी. काय देखणं आहे! पानाच्या मधोमध गुलाबी, कडेला हिरवं, पांढरे शिंतोडे. सावलीतच खुलतं म्हणे. सहा कुंड्या. संध्याकाळी पुरल्या. पहिल्यांदाच मागचं दार उघडल्यावर काहीतरी आहे असं वाटलं. आक्का इथं उभी राहील. या पायरीवर.

वहिनीला फोन केला, गाडी साडेनऊला येईल. ती म्हणाली, "वन्सं, त्या अजून बघूच म्हणत्यात."

२६ ऑगस्ट, मंगळवार

रंगीत तालीम म्हणून दोन पानं चिरली. फोडणीला टाकणार एवढ्यात बाळाबाईंनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत कधी धरला नव्हता. "बाई! शोभेचं अळू हाय ह्ये! नरडं सुजंल! म्हातारीला मारताय काय?"

मी खाली बसले, ओट्याला टेकून. मग सगळंच सांगितलं त्यांना. ऋषीची भाजी, आक्का, परस, माती कुठून आली ते. त्या ऐकत होत्या, भांडी तशीच. मग म्हणाल्या, "आत्ता कळलं! मी म्हंटलं, ह्या बाईंच्या मातीत आपूआप आंबेहळद येतीया, मायाळू येतीया, सुरण येतंय, आणि ह्या रोज उपटून टाकाल्यात. म्हंटलं, शिकल्याल्या मानसाचं काय तरी असंल."

शेळी नाही. त्यांच्याकडं कधीच शेळी नव्हती. सगळं घरामागच्या गटारीच्या कडेला लावलंय त्यांनी, मुळांच्या मातीसकट, फुटक्या डब्यांत, पत्र्याच्या सावलीत. म्हणाल्या, "तुमच्या आईची माती हाय. तिच्यात मुळं हुती. पाऊस पडला की उठणारच की ती."

नव्वद दिवस मी आक्काचं परस रोज सकाळी सातला उपटत होते.

२८ ऑगस्ट, गुरुवार. ऋषिपंचमी

सकाळी बाळाबाई पिशवी घेऊन आल्या. मायाळूचा तांबडा वेल, सुरणाचा कोवळा दांडा, त्यांच्या गटारीवरचं काळ्या देठाचं साधं अळू आणि मातीसकट उपटलेलं आंबेहळदीचं एक झाड. गाडी पाठवण्यात अर्थ नव्हता. रजा टाकून मीच कागलला गेले.

घरामागं चार खोल्या, चार दारं, चार मोटरसायकली. मधल्या सगळ्या जागेवर सिमेंटचा कोबा. न्हाणीचं पाणी पाइपातून जातं. आक्का न्हाणीशेजारी खुर्ची टाकून बसली होती, कोब्याकडं तोंड करून. सकाळपासून दोन केळी खाल्ली होती म्हणे. वहिनीनं बाजारातली भाजी आणली होती, आक्कानं विचारलं, कुणाच्या रानातली, वहिनीला सांगता आलं नाही.

मी पिशवी तिच्यापुढं ठेवली. तिनं एकेक बाहेर काढलं. आंबेहळदीच्या मुळांशी थांबली. मातीचं ढेकूळ बोटांत चुरलं, वास घेतला.

"माती माझी हाय."

मी म्हटलं, हो.

"कुटं हाय बाकीची?"

माझ्या घरामागं, म्हटलं. सावलीत.

भाड्यानं राहणारा एक मुलगा गाडी काढायला आला, "आज्जी, जरा पाय" म्हणाला, तिनं पाय वर घेतले, तो गेला. मग म्हणाली, "वर्षा, तू कागद वाचला हुतास न्हवं?"

येताना गाडीत उत्तर तयार केलं होतं. पेपर चालू होते, दादा घाईत होता, साधारण वाचला होता. मी म्हटलं, नाही.

तिनं मान हलवली, जसं तिला फक्त गणिताचं उत्तर पडताळून बघायचं होतं. "मला वाटलं, वाचून केलीस. म्हणून राग आला हुता." एवढंच. मग उठली, भाजी निवडली, मीठ आणि चिंच घालून शिजवली, आणि मला बाजूला बसवून खाल्ली. मलाही वाढली. बाळाबाईंचं अळू खाजलं नाही.

निघताना आंबेहळदीचं झाड माझ्या हातात दिलं. "लाव जा ह्ये." मी म्हटलं, आक्का, इथंच ठेव की, तुझं आहे. तिनं कोब्यावरून इकडून तिकडं बघितलं, आणि प्लॅस्टिकच्या मगात पाणी घालून त्याला न्हाणीच्या खिडकीत उभं केलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

शोभेचं अळू नर्सरीवाल्यानं परत घेतलं. "लिहून देतो म्हंटलं हुतं," म्हणाला. फ्लेक्स एका बाजूनं सुटलाय, त्या फटीतून नऊ वाजता चार इंच ऊन येतं. मातीत भाल्याचं एक टोक वर आलंय. बराच वेळ त्याच्यासमोर बसले. हात लावला नाही.

यापुढं कुठलाही कागद पूर्ण वाचून सही करणार. हा संकल्प नाही, संकल्प मी मे महिन्यापासून फार केले.

दादाला मेसेज लिहिला. तीनदा खोडला. तो काय म्हणेल ते मला त्याच्या आवाजात ऐकू येतंय: येडी हायस काय, कोबा गेल्या महिन्यात झालाय, पोरांनी गाड्या कुठं लावायच्या, आणि सही तूच केलीस की. प्रत्येक गोष्ट खरी आहे. तरी पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, सव्वा तास झाला.

"दादा, न्हाणीच्या मागचा चार फूट बाय चार फूट कोबा फोड. तिथं सावली असती, गाडी कुणी लावत नाही, मी काल बघितलं. न्हाणीचं पाणी तिकडं सोड. माती मी परत आणून टाकते."